भासऱ्याच्या छातीवर

मी गावची आशा वर्कर हाय अन् माझी जीभ लय तिखट हाय. गोळ्या न खाणाऱ्या पोटुशा बायांना मी त्यांच्या सासूसमोर झापते, सरपंचालाबी सोडत न्हाई. पण भासऱ्यापुढं, म्हणजे मालकाच्या मोठ्या भावापुढं, नऊ वर्षांत माझ्या तोंडातून एक शब्द निघाला न्हवता. आमच्यात भासऱ्याला शिवत न्हाईत. वैजीनाथभाऊ ओसरीत आले की मी आत. त्यांचं ताट आक्का वाढणार. आक्का म्हणजे कमलबाई, त्यांची बायको, माझी जाऊ. कुणी जुलूम केला असं न्हाई. रीतच तशी, अन् मलाबी त्यात काही वावगं वाटत न्हवतं.

त्या दिवशी दुपारी खळ्यावर सोयाबीन काढायलो होतो. माझा मालक रामहरी कापूस घेऊन सेलूला गेलेला. मळणी यंत्र नुकतंच बंद झालं होतं. भाऊ पोतं शिवता शिवता खाली बसले अन् बसल्या जागी आडवे झाले.

"फेफरं आलं! कांदा आणा!" सासूबाई ओरडल्या. यंत्रवाले सटवाजीमामा, साठी उलटलेलं माणूस, त्यांनी पायातली चप्पल काढून भाऊंच्या नाकाला लावली. आक्का तोंडावर पाणी मारायल्या होत्या.

मी पाच पावलं लांब, डोक्यावर पदर धरून. छाती हालत न्हवती. तोंड तेवढं मधूनच उघडायलं, घुर्रकन आवाज यायला अन् पुन्हा सगळं गप्प.

"श्वास हाय की," सासूबाई म्हणाल्या. "घोरायलंय माझं लेकरू. थकलंय. जरा पडू द्या."

ते घोरणं न्हवतं. ट्रेनिंगला सिस्टरनी तोंडानं तोच आवाज काढून दाखवला होता. म्हणाल्या होत्या, हृदय बंद पडलेलं माणूस असं आचके देतंय, त्याला श्वास समजून बसू नका, लगेच छाती दाबा. मला समदं येत होतं. रबरी पुतळ्यावर दाबण्यात आमच्या तुकडीत माझाच पयला नंबर.

मी एकशेआठला फोन लावला. ते म्हणाले, गाडी निघाली, तवर छाती दाबा. "हो," म्हणलं, फोन कमरेला खोवला अन् उभीच राहिले. माझ्या तंगड्या कुणी बांधून ठेवल्या न्हवत्या. तरी उभीच.

"मामा, तुमी दाबा," मी लांबून ओरडले. "छातीच्या मधोमध. जोरात. मोजत मोजत!"

मामा गुडघ्यावर बसले. जिंदगीभर धान्याची मापं घातलेला माणूस. एकाला एक म्हणायचं न्हाई, लाभ म्हणायचं, ती सवय. "लाभ…" म्हणून हलकेच दाबलं, थांबले. "दोन…" पुन्हा थांबले.

"मापं न्हाईत घालायची, मामा! भरभर! दोन इंच आत जाऊ द्या!"

"बरगडी मोडंल की गं पोरी!"

भाऊंचे ओठ काळेनिळे पडायले होते. आक्कानं मान वर केली. "मंजुषा, तुला येतंय न्हवं?" एवढंच म्हणाल्या.

मी पदर कमरेला खोचला अन् धावले. मामांना बाजूला ढकललं. तळहातावर तळहात, कोपर ताठ, अन् दिलं अंग झोकून.

"अगं ए! भासरा हाय तुजा! हात लावतीस?" सासूबाईंनी माझा दंड धरून ओढलं.

"सरका, आत्याबाई! न्हाईतर लोटून देईन!"

तिसाव्या दाबाच्या आतच हाताखाली कट्‌कन वाजलं. बरगडी. पण सिस्टर म्हणाल्या होत्या, मोडली तरी थांबायचं न्हाई. मी थांबले न्हाई. दोन मिनिटांत खांदे भरून आले, घाम डोळ्यात उतरायला.

"आक्का, या! आता तुमी!"

"दुखंल की त्यास्नी…"

"दुखू द्या! दुखलं म्हणून ओरडले तर मी पेढे वाटीन! दाबा!"

आक्का रडत रडत दाबायल्या. मग मी. मग आक्का. मामा रस्त्यावर जाऊन उभे राहिले, गाडी चुकू नये म्हणून. मी त्या माणसाशी नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलले, तेबी ओरडूनच. "उठा! उठा म्हणते न्हवं! आक्काचं कसं व्हायचं? उठा की हो!" मला त्यांचा राग आला होता, लय राग. अन् भेवबी तेवढंच.

गाडी यायला बावीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी छातीला पट्ट्या चिकटवल्या, यंत्रानं एकदा झटका दिला, दुसऱ्यांदा दिला. मग म्हणाले, "ठोके आले." आक्का तिथंच मातीत बसल्या.

"पडल्यावर किती वेळानं दाबायला सुरू केलं?" डॉक्टरांनी इचारलं.

मामा पुढं झाले. "लगेच, सायेब. लगेच."

"न्हाई," मी म्हणलं. "सहा मिनिटं गेली."

चौथ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात भाऊंनी डोळे उघडले. आक्कानं हाका मारल्या. ते छताकडं बघत राहिले. आक्काकडं न्हाई, आईकडं न्हाई. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दाबलं नसतं तर ते आज नसते. पण सुरुवातीची सहा मिनिटं मेंदूला रक्तच नव्हतं. आता किती सुधारतील, सांगता येत नाही."

बाहेर बाकावर सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग माझा हात आपल्या हातात घेतला.

"तुला समदं येत हुतं," त्या म्हणाल्या. "मग इतका येळ उबी कामून राहिलीस गं?"

त्यांच्या आवाजात राग न्हवता. त्या खरंच इचारायल्या होत्या.