पुरेशी मराठी

"मी अडतीस साली अकोल्याले आली," खोदादाद म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या कारकुनाने तोंडासमोर फाईल धरली.

कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी कागदावरून मान वर केली. "आली?"

"आलो. आलो, साहेब." त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बावीस वर्षांत ही खोड त्याने मोडून काढली होती. गिऱ्हाइकाशी बोलताना, मैद्याच्या पोत्यांवरून हुज्जत घालताना तो चांगला पुरुषासारखा बोलायचा. पण छातीत धडधडायला लागलं की अगदी सुरुवातीला शिकलेली बोली वर यायची, आणि मग 'मी गेली', 'मी बसली' असं काहीतरी तोंडातून निसटायचं.

आज धडधड व्हावी असंच काम होतं. अकोल्यात पाव, टोस्ट आणि नानकटाईची बेकरी चालवणारा खोदादाद बहराम, ज्याला सगळा बाजार नुसतं दादाभाऊ म्हणायचा, कागदावर अजून इराणचा माणूस होता. यज्दजवळच्या खेड्यातून तो एकोणीस वर्षांचा असताना आला, तो मामाच्या भट्टीवर काम करायला. परवान्यावर एका वर्षाची मुदत होती. मामा वारला, बेकरी त्याच्याकडे आली, देशाचं राज्य बदललं, पण ती एका वर्षाची मुदत काही बदलली नाही. दर डिसेंबरात तो पोलीस कचेरीत जायचा आणि तिथले किसनराव पुढच्या वर्षाचा शिक्का मारून द्यायचे. त्याने लग्नही केलं नव्हतं. ज्याचं घर दर वर्षी शिक्क्यावर उभं राहतं, त्याला मुलगी द्या असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता इराणचा पासपोर्टच दिवाळीत संपत होता. नवा हवा तर स्वतः तिकडे जावं लागेल, असं पत्र आलं होतं. गेल्यावर परत येऊ देतील का, हे कोणीच सांगत नव्हतं. तेव्हा किसनरावांनीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दादाभाऊ, हे दरसालचं सोडा अन् कायमचा अर्ज करा. इथलेच होऊन जा ना बाप्पा."

नागरिकत्वाच्या अर्जासोबत दोन भल्या माणसांची शिफारस लागत होती. एक दिली नत्थुजींनी. त्यांच्या घरी वीस वर्षं बेकरीचे टोस्ट जात होते. त्यांनी ओसरीवर बसल्या बसल्या सही ठोकली. "वाचून तं पाहा," खोदादाद म्हणाला, तर ते म्हणाले, "तुले वाचूनच राह्यलो ना इतके वर्षं." दुसरी शेजारच्या दुकानदाराने दिली. शिवाय भाषेचा एक वेगळा दाखला हवा होता. तो देणारा माणूस आत्ता बाहेर बाकावर बसला होता.

"मराठी कुठे शिकलात?" साहेबांनी विचारलं. ते पुण्याकडून बदलून आलेले होते आणि प्रत्येक शब्द धुऊन वाळवल्यासारखा बोलत.

"भट्टीवर, साहेब."

"कोणी शिकवली?"

"केशरबाईनं. ते भट्टीले लाकडं आनत होती. राख उचलत होती."

साहेबांनी टेबलावरचं वर्तमानपत्र त्याच्याकडे सरकवलं. "इथून वाचा."

खोदादादने कागद दोन्ही हातांनी धरला. अक्षरं ओळीने मुंग्यांसारखी निघाली होती. "भाव वाचतो मी, साहेब. मैद्याचा, साखरेचा. बाकीचं नाई येत." त्याने वर्तमानपत्र घडी न मोडता परत ठेवलं.

"बाहेर कोण आहेत त्यांना बोलवा."

मोतीराम आत आला. वलगावच्या शाळेत तो मास्तर होता. तिशीचा, पांढरा सदरा, खिशाला पेन. त्याने नमस्कार केला आणि उभाच राहिला. साहेबांनी त्याच्या प्रतिज्ञापत्रावरून नजर फिरवली. नावाखालच्या रकान्यात त्याने 'बौद्ध' लिहिलं होतं. तिथे साहेबांचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं.

"मास्तर, तुम्ही वलगावला, हे अकोल्याला. यांची मराठी चांगली आहे हे तुम्हांला कसं माहीत?"

"ती माझ्या आईची मराठी आहे, साहेब. केशरबाई माझी आई. आम्ही तेव्हा अकोल्यात राहत होतो. ते 'आली' म्हणाले ते मी बाहेरून ऐकलं. ती आईचीच बोली. बाईकडून शिकले, म्हणून तसं येतं."

"ते ठीक आहे. पण कायद्यात भाषेचं पुरेसं ज्ञान हवं असं लिहिलं आहे. ज्याला एक ओळ वाचता येत नाही, त्याचं ज्ञान पुरेसं कसं म्हणू?"

मोतीरामने एकदा खोदादादकडे पाहिलं. मग अगदी वर्गात बोलावं तशा शांत आवाजात तो म्हणाला, "माझ्या आईलाही वाचता येत नाही, साहेब. तिला मराठी येत नाही, असं आपण लिहाल का?"

कारकुनाने फाईल खाली ठेवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही.

"तिकडे कोण आहे तुमचं?" त्यांनी खोदादादला विचारलं.

"बहीन होती. चार सालापासून चिठ्ठी नाई."

"परत जावंसं वाटत नाही?"

खोदादादने विचार केला. उत्तर पाठ करून आणलेलं नव्हतं. "तिकडं गेलो तं लोकं इचारतील, कुठचा हायेस? मी सांगन, अकोल्याचा. अन् अकोल्यात, साहेब..." तो थांबला. "अकोल्यात कोनी इचारतच नाई."

साहेबांनी एक शब्द लिहिला, त्याच्यावर टीपकागद दाबला आणि म्हणाले, "या आता."

*

माघ गेला, उन्हाळा गेला. कागद दिल्लीला गेले आहेत, एवढंच कळत होतं. मे महिन्यात मराठी माणसांचं नवं राज्य झालं, बाजारात झेंडे लागले, आणि खोदादादने त्या दिवशी भट्टीतून निघालेल्या पहिल्या घाण्याची नानकटाई रस्त्यावरच्या लोकांना वाटली. वाटताना एकाने थट्टेत विचारलं, "दादाभाऊ, तुमचं राज्य कोनतं?" तो हसला, पण नंतर बराच वेळ भट्टीचा एकच पत्रा पुसत राहिला.

ऐन श्रावणात एका दुपारी किसनराव स्वतः बेकरीत आले. टोपी बगलेत, चेहरा गंभीर. खोदादादने हातातलं पाव काढायचं फावडं भिंतीला टेकवलं.

"दादाभाऊ, माह्या रजिस्टरात एक पान हाय तुमचं."

"हाय ना."

"ते आज बंद केलं." एवढं बोलून किसनरावांना हसू आवरेना. "मंजूर झालं ना बाप्पा! कचेरीत जा अन् शपथ घ्या. माह्याकडं नका येऊ आता. आले तं चहा प्यायले या."

खोदादादने पिठाचे हात आधी कमरेच्या फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले, आणि किसनरावांचे दोन्ही दंड धरले. नंतर किसनराव बाजारभर बाह्यांवरचे पिठाचे ठसे दाखवत हिंडले.

शपथेचे शब्द जड होते. साहेब वाचत आणि तो मागून म्हणत होता. 'निष्ठा' हा शब्द त्याला दोनदा घ्यावा लागला. सही म्हणून त्याने आपलं नाव फारशीत काढलं, कारण लिहिता येणारं तेवढंच होतं. साहेबांनी त्या उजवीकडून डावीकडे गेलेल्या रेघेकडे कौतुकाने पाहिलं आणि प्रमाणपत्र त्याच्या हाती दिलं.

"तुमच्या भाषेबद्दल मी एकच शब्द लिहिला होता," ते म्हणाले. "पुरेशी."

दुसऱ्याच दिवशी भट्टी कामगारांवर सोपवून तो निघाला. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती, आणि तिथून परतवाड्याच्या मोटारीने वलगाव. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कपाशीची पऱ्हाटी गुडघाभर आली होती. प्रमाणपत्र त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि मोटार हादरली की तो छातीवर हात नेत होता. आभार मानायचे होते. वाटेत त्याने वाक्यं जुळवून पाहिली. एकही धड जुळलं नाही.

*

मोतीरामचं घर दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. केशरबाई दारात पाय पसरून सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते, पण नजर तीच, समोरच्याला तोलणारी.

"आला का दाद?" ती म्हणाली. त्याच्या नावातलं एवढंच तिला बोलता आलं होतं, आणि पुढे बाजाराने त्याचं दादाभाऊ केलं. "बस. वाळला किती."

मोतीराम शाळेतून आला होता. त्याने प्रमाणपत्र घेतलं, उजेडाकडे धरलं आणि एकेक ओळ आईला समजावून सांगितली. केशरबाईचे हात सुपात फिरत राहिले.

"म्हंजे आता नाई जात तू?"

"नाई."

"कदीच?"

"कदीच नाई."

तिने एक खडा निवडून अंगणात फेकला. "दर साली तू पोलिसात जाय, तवा मले वाटे, या साली काई हा परत येत नाई." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "चांगलं झालं."

खोदादादने घसा साफ केला. "केशरबाई, हे तुह्यामुळं झालं. साहेबानं इचारलं, भाषा कोनी शिकवली. मी तुहं नाव सांगतलं. तू नसती शिकवली तं आज मी..." जुळवलेलं वाक्य इथेच संपत होतं. "मामाले तं टाइम नव्हता. कामगार हसत होते. तू एकटीनं शिकवलं. काहून शिकवलं तू मले?"

केशरबाईने पदराने तोंड पुसलं.

"तुह्यासाठी नाई शिकवलं," ती म्हणाली.

मोतीरामने कागदावरून मान उचलली.

"तू आला त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती सांगू लागली, "मी मोळी टाकून मांगच्या आंगनात बसली होती. आमाले आत यायची मनाई. पानी पाह्यजे असंल तं कामगार वरून वतत. म्हनून मी माहा गडवा घरूनच आनो. तू भट्टीवरून आला, घामानं निथळून. अन् माहा गडवा उचलून तोंडाले लावला. घटाघटा पेला. मी 'अरे, अरे' करत राह्यली. तुले कुठं समजत होतं! पेला अन् हासला माह्याकडं पाहून."

ती स्वतःशीच हसली.

"मोतीरामच्या बापाले मी घरी जाऊन सांगतलं. तो भेला. म्हने, उद्या याले बोलता आलं की पयलं कोनी हेच सांगंल, मंग तोही वरून वतंल. मले रात्रभर तेच. मनात आलं, बोलनं कोनी शिकवनारच हाये, तं आपुनच आधी शिकवाव. दुसऱ्या दिवसापासून लागली तुह्या मांगं. हे लाकूड, हे राख, हे पानी, हे आग. ये, जा, बस, खाय. सारं सांगतलं तुले. लेकराले सांगाव तसं. दुसऱ्या कोनाची गरजच नाई पडाव." तिने बोटाने जमिनीवरची एक तुरीची डाळ टिपली. "एक शब्द तेवढा नाई सांगतला. आमाले लोकं म्हनत तो."

मोतीराम आईकडे असा बघत होता, जणू हे त्यालाही आज पहिल्यांदा कळत होतं.

खोदादादला तो शब्द माहीत होता. आल्यापासून चौथ्या महिन्यात, दुकानाच्या फळीशी, एका गिऱ्हाइकाने तो त्याला सांगितला होता. नीट समजावून, त्याच्या भल्यासाठी म्हणून. त्यात काय काय येतं, कोणाच्या हातचं काय चालत नाही, सगळं. खोदादादने ऐकून घेतलं होतं, पाव कागदात बांधून दिला होता, आणि मग तो मागच्या अंगणात गेला होता. केशरबाई मोळी सोडत होती. तिचा गडवा उचलून तो पाणी प्यायला होता. त्या दिवशी त्याला तहान नव्हती.

"मंग?" केशरबाई त्याच्याकडे रोखून पाहत होती. बावीस वर्षं तिने हा प्रश्न विचारला नव्हता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "कळला असंल ना तुले पुढं कोनाकून तरी?"

मोतीरामच्या हातात प्रमाणपत्र तसंच उघडं होतं.

"नाई व केशरबाई," खोदादाद म्हणाला. "तेवढी मराठी मले नाई येत."