दादाची उंची, ठमीची उंची

मित्रांनो, मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी असलेली उंची मोजायची जुनी लाकडी पट्टी, ती मी. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, अंगावर आकडे कोरले आणि डोक्यावर टेकवायला सरकती फळी बसवली. मध्यंतरी एक चकचकीत यंत्र आलं, तेव्हा लोक माझ्यावर छत्र्या टांगू लागले. यंत्र बिघडलं आणि बाईंनी मला पुन्हा पुसून कामाला लावलं.

त्याच सुमारास एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा नववीतला, पण दिसायला सहावीतला. आवाज फुटला नव्हता, मिसरूडही नव्हतं. वर्गात सगळे ‘शेंगदाणा’ म्हणायचे, म्हणून त्याने खेळायला जाणंच सोडलं होतं. बारा वर्षांची बहीण, ठमी, त्याच्या मागे मागे आली होती.

“उंची वाढायचं इंजेक्शन असतं म्हणे. ते द्या याला,” आई म्हणाली.

बाईंनी त्याला मोजलं, तपासलं, हाताचा एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट मागवले. ते घेऊन तिघं पुन्हा आली, तेव्हा बाईंनी विचारलं, “याचे बाबा या वयात कसे होते?”

“ते? कॉलेजात गेल्यावर पहिली दाढी केली. आता दारातून वाकून येतात.”

“मग खाण तशी माती. याची हाडं वयाच्या मागे आहेत, पण दर वर्षी हा नेमाने वाढतोय. वयात येण्याची सुरुवातही झालीय. गाडी उशिरा सुटली, एवढंच. इंजेक्शन नको, धीर धरा.”

दादाचा चेहरा उजळला. तेवढ्यात ठमी चपला काढून माझ्यापाशी उभी राहिली. “मला पण मोजा.”

बाईंनी हसत फळी टेकवली, आकडा वाचला आणि तिचा जुना कागद काढला. पुन्हा मोजलं.

“गेल्या वर्षी लस घ्यायला आली होती. तेव्हापासून जेमतेम एक बोट वाढलीय.”

“तीही बापावरच गेली असेल.”

“उशिरा वयात येणारं मूलसुद्धा तोवर थोडं थोडं वाढतंच. हिची वाढ थांबत चाललीय. बघायला हवं.”

मग ठमीच्या तपासण्या झाल्या. थायरॉईड ठीक निघालं. औषध देऊन थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं, मेंदूचा फोटो काढला. तिच्या शरीरात वाढीचं संप्रेरक फारच कमी तयार होत होतं. आईने जे इंजेक्शन दादासाठी मागितलं होतं, ते ठमीला लागलं.

“रोज टोचायचं?” ठमीचा आवाज अगदी बारीक झाला.

“मी देईन,” दादा म्हणाला. “तुला कळणारसुद्धा नाही.”

पुढच्या खेपेला ठमीने बाईंच्या कानात सांगितलं, की चांगलंच कळतं. दादाला मात्र तिने ते कधी सांगितलं नाही.

आता दादा फोनवर बोलला की लोक त्याला बाबाच समजतात. ठमी दर खेपेला फळी आणखी वर ढकलते आणि मागे वळून आकडा बघते. तिचा तो चेहरा पाहिला की माझ्या लाकडाचं सोनं होतं.

मित्रांनो, एक विनंती करते. बुटक्या सोबत्याला नावं ठेवू नका. आणि ‘वाढेल आपोआप’ म्हणून घरच्यांना गप्प बसू देऊ नका, अधूनमधून मोजायला लावा. फक्त उभं राहताना टाचा उचलू नका. सगळेच उचलतात, मला कळतं.