बटणाचं पुस्तक

उताणं पडून राहायचं, कुशीवर वळायचं असेल तर कुणाला तरी हाक मारायची, आणि उठून बसायचं मुळीच नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मालतीला ते सोपं वाटलं. मोहगावच्या पुढे उतारावर गिट्टीवरून तिची स्कूटी घसरली होती आणि पाठीचा एक मणका दबला होता. ऑपरेशनची गरज नाही म्हटल्यावर आपण सुटलो असंच तिने धरलं. आठवडा गेला तेव्हा तिला वाटायला लागलं, यापेक्षा ऑपरेशन परवडलं असतं.

ती सरकारी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होती. मोहगावकडच्या खेड्यांतली बाळंतपणं, पोरांच्या लसी, गोळ्या, वजनं आणि अधूनमधून सासवा-सुनांची भांडणंही तिच्याच गळ्यात असायची. सकाळी स्कूटीवर बसलेली बाई दिवस कलताना उतरायची. आता ती सौंसरच्या घरात पलंगावर पडून होती, वर पंखा, हातात फोन. फोनवर खात्याचे ग्रुप, आशा ताईंचे ग्रुप, बायकांचे कॉल. एक मेसेज वाचून होत नाही तो दुसरा टणकन वाजायचा. नाही वाजला, तर का वाजला नाही म्हणून ती स्वतःच कुणाला तरी लावायची. बहुतेक वेळा पूजालाच. पूजा नवी सिस्टर, मालतीच्या जागी चार्ज दिलेली.

"त्या वाडीतल्या बाईचा बीपी पाहिला का? गोळी बदलली का? रजिस्टरमधी चढवलं का?"

"पाहिला, सिस्टर. बदलली. चढवलं," पूजा सांगायची. हल्ली तिची उत्तरं आखूड होत चालली होती, आणि ते मालतीच्या लक्षात येऊनही तिचा हात थांबत नव्हता.

एका दुपारी हात दुखून फोन सुटला तो तोंडावरच पडला आणि ओठ फुटला. तिचा नवरा हिरामण, वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला शांत माणूस, हळद लावता लावता म्हणाला, "आता ठेव न तो बाजूले. तू पडून नाही राहिली, मालती, पडल्या पडल्या ड्युटी करून राहिली."

"मग काय करू? पंखा मोजू?"

ही खबर पांढुर्ण्याला पोचली. त्यांची मुलगी करुणा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तिची सारी जन्मकुंडली काढायची. रविवारी ती बसने आली आणि पिशवीतून औषधाच्या खोक्याएवढी एक काळी पाटी काढून तिने आईच्या हातात दिली.

"हे कुणाचं खेळणं उचलून आणली?"

"पुस्तक वाचायची मशीन आहे, आई. छोटीवाली. यात फोन येत नाही, मेसेज येत नाही, काहीच येत नाही."

"मग येते काय?"

"पुस्तकं."

मालतीने नवं बाळ जोखावं तशी ती पाटी तळहातावर जोखली. वजन जवळजवळ नव्हतंच. तोंडावर पडली असती तरी कळलं नसतं.

"मोठ्या मशीन याहून चांगल्या येतात," करुणा सांगू लागली, "पण त्या जड, आणि महागही. तुले तर हात वर करून वाचा लागते. ही खिशात जाते."

"मले कुठी खिसा आहे?"

"ऐकून तर घे. हिच्यात खोटही आहे. काचेला बोट लावून काही होत नाही, पान पलटायचं तर हे बाजूचं बटण. आतून उजेड नाही, म्हणजे अंधार पडला की बंद. आणि..." करुणा जरा अडखळली. "हिला मराठी धड येत नाही."

तिने एक पान उघडून दाखवलं. अक्षरं ठसठशीत होती, पण जोडाक्षरांचे पाय मोडलेले. 'प्रवास' लिहिलं होतं तिथे 'प' आणि 'र' दोघं रुसल्यासारखे वेगळे उभे होते, वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या होत्या. मग करुणाने दुसरं पान दाखवलं. यात तिने प्रत्येक पानाचं चित्र करून भरलं होतं. इथे अक्षरं साबूत होती, पण मुंगीएवढी, आणि ती मोठी करायची सोय नव्हती.

"मोठी तुटकी पाह्यजे, का बारीक चांगली?"

मालतीने दोन्ही पानं डोळ्यांपासून लांब-जवळ करून पाहिली.

"मोठी दे. जिंदगीभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या मी. याच्याहून तुटकी राहते."

करुणा हसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. "पुढच्या रविवारपर्यंत वापस होते. नाही जमलं तर लाजू नको."

सोमवारी जमलं नाही. मंगळवारीही नाही. करुणाने छापण्याचे हक्क संपलेली जुनी पुस्तकं भरून दिली होती. त्यांतली एका बाईने बैलगाडीने केलेल्या लांबच्या प्रवासाची हकिगत मालतीने उघडली. दोन ओळी वाचल्या की डोळे फोनकडे जायचे. पान एवढंसं, की वाक्य सुरू व्हायचं आणि संपायच्या आत बटण दाबावं लागायचं. बटण दाबलं की पाटी क्षणभर काळी पडायची, विचारात पडल्यासारखी, आणि तेवढ्या क्षणात मालती फोन उचलून मोकळी व्हायची. आतल्या खोलीत उजेडही कमी. तिची कुरकुर ऐकून हिरामणने शेजारच्याला हाताशी घेतलं आणि तिच्यासकट पलंग समोरच्या खोलीत खिडकीशी आणला.

"आता फोन मले दे," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर चहापर्यंत माझ्यापाशी राहीन. कुणाचा आला तर सांगतो."

मालतीने तो असा दिला, जणू कुणाच्या हाती दुसऱ्याचं लेकरू देतेय.

बुधवारी ती त्या बैलगाडीत थोडी बसली. गुरुवारी गाडी नदीपाशी आली. पाणी चढलेलं, गाडीवान नाही म्हणतोय, आणि बाई उतरून स्वतः पाण्यात काठी घालून पाहतेय. मालती बटण दाबत गेली. तुटक्या अक्षरांची सवय झाली होती, डोळे आपोआप 'प' आणि 'र' यांचा समेट घडवत होते. किती दिवसांनी ती अशी कुठे तरी गेली होती, जिथे तिला कुणी सिस्टर म्हणत नव्हतं. गाडी पलीकडच्या काठाला लागली तेव्हा तिला तहान लागल्याचं कळलं. तिने हिरामणला हाक मारली. घर गप्प होतं. तो दळण आणायला गेला होता, आणि जाताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून गेला होता. तिला त्रास नको म्हणून आवाज बंद करून.

तो आला, पाणी दिलं, फोन आणून दिला. पडद्यावर धनश्रीचं नाव होतं. पुन्हा धनश्री. पुन्हा धनश्री. बोट सरकवत गेलं तरी तेच नाव.

धनश्री म्हणजे त्या वाडीतली बीपीवाली बाई, संत्र्याच्या बागा असलेल्या घरची सून. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. यावेळी बीपी चढत होता, आणि तारखेला अजून अवकाश होता. मालतीने तिला स्वतः सांगितलं होतं, काही वाटलं तर आधी मले फोन लाव, रात्र असो का दिवस.

तिने लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. मग वाडीच्या आशा ताईला, विजयमालाला लावला, तो लागेना. पूजाचा व्यस्त.

"तुम्ही काहून आवाज बंद केला?" ती हिरामणवर ओरडली नाही, फोन कानालाच होता.

"तू वाचून राहिली होती म्हणून..."

"आग लागो त्या वाचण्याला." तिने पाटी बाजूला सारली, कोपर गादीत रोवलं आणि अंग उचललं. कमरेतून अशी कळ गेली की तोंडातून शब्दही निघाला नाही. हिरामणने खांद्याला धरून तिला हळूच खाली टेकवलं.

"उठून जाशीन कुठी तू? मले सांग, मी जातो मोहगावले."

"तुम्ही जाऊन काय करान?" ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले, कारण तेच ती स्वतःलाही विचारत होती. डोळ्यांपुढे धनश्री घामाघूम, अंगणात कुणी माणूस नाही, सारे बागेत. सुजलेले पाय. झटका आला असेल तर? दाताखाली जीभ आली असेल तर? आणि आपण इकडे कुणाच्या नदीत काठी घालून पाहत होतो.

ती फोन लावत राहिली. खिडकीबाहेर रस्त्यावरून गाडी गेली की ती बाळंतिणींना नेणारी सरकारी जननीची गाडी आहे का, हे आवाजावरून ओळखायला बघायची. हिरामण दारात गेला, आत आला, परत दारात गेला.

अखेर पूजाचाच आला.

"सिस्टर, सौंसरच्या दवाखान्यात आहो आम्ही. धनश्रीले मुलगी झाली. बारीक आहे, पण रडली चांगली. दोघी ठीक आहेत."

मालतीच्या तोंडून पहिलं निघालं ते, "बीपी?"

"जास्त होता. विजयमालाताईनं मले लावला, मी पोचली, पाहिला, लगेच जननी बोलावली. रस्त्यानं मी संगंच होती. तुमचं नाव घेऊन राहिली होती ती. मी म्हटलं, सिस्टरले उठता येत नाही. तं म्हणे, मग तूच हात धर."

"बरं केलं," मालती म्हणाली. "बरं केलं बाई तू." फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. ते आनंदाचं होतं, त्यात शंका नव्हती. पण त्यात आणखी काही तरी होतं, ज्याची तिला लाज वाटली. आपल्यावाचून झालं, हे ते होतं.

त्या संध्याकाळी तिने करुणाला फोन केला. "रविवारी येशीन तं ते मशीन घेऊन जाजो. वापस कर. माणसाले बहिरं करते ते."

शुक्रवारभर पाटी खिडकीत पडून राहिली आणि मालती फोन छातीवर ठेवून. तो वाजत होता, ती उचलत होती, आणि तरी जिवाला थारा नव्हता. शनिवारी सकाळी धनश्रीचा फोन आला.

"सिस्टर, म्या तुम्हाले किती फोन लावले." आवाज थकलेला होता आणि त्यात रुसवा होता. "झोपल्या होत्या का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. पाठीचं दुखणं, औषधाची गुंगी, कुणीही मानलं असतं.

"नाही," मालती म्हणाली. "वाचून राहिली होती. फोन दुसऱ्या खोलीत होता."

पलीकडे वॉर्डातलं कुणाचं तरी मूल रडत होतं.

"मले लय राग आला होता," धनश्री म्हणाली.

"येणारच न. मीच तुले सांगितलं होतं, मले लाव म्हणून. माझं नाव सांगायले नको होतं, मी पडलेली. पूजाचं सांगायले पाह्यजे होतं."

"हाव." मग तिने विचारलं, "काय वाचून राहिल्या होत्या एवढं?"

मालतीला वाटलं ती टोमणा मारतेय. पण धनश्रीही उताणीच पडली होती, मुलगी कुशीत, बीपीमुळे हलायची मनाई. मालतीने तिला बैलगाडीची गोष्ट सांगितली. गाडीवान कसा भ्याला, बाईने लुगडं कसं खोचलं, पाणी कुठवर आलं. धनश्री मधेमधे हं म्हणत होती.

"मग पोचली का ते?"

"नदी तं पार झाली. पुढचं मी वाचलंच नाही."

"वाचून सांगजा," धनश्री म्हणाली.

रविवारी करुणा आली ती वापस करायला मशीनचं खोकं शोधूनच. मालती म्हणाली, "राहू दे."

"आई, परवा तर बहिरं करते म्हणत होती."

"करतेच. तेच तिचं चांगलं आहे अन् तेच वाईट." तिने फोन पुढे केला. "यात असं करता येते का, की बाकी सारे गप्प, अन् एकदोघांचाच वाजीन?"

"येते. कुणाकुणाचा?"

मालतीने विचार केला. वाडीवाडीची नावं तिच्या ओठांवर आली, एकीमागून एक. "पूजाचा," ती म्हणाली. "अन् विजयमालाचा. बाकीच्यांनी पूजाले लावायचं. तसा मेसेज टाक साऱ्यांले, माझ्या नावानं."

करुणाने मेसेज लिहिला, वाचून दाखवला. मालतीने दोनदा शब्द बदलायला लावले आणि मग, नको तेवढा वेळ थांबून, पाठव म्हणाली.

तेवढ्याने ती निवांत झाली असं नाही. दुपारी ती वाचायची तेव्हा एक कान स्वयंपाकघराकडेच असायचा, आणि पान बदलताना पाटी काळी पडली की अजूनही हात छातीवर जायचा, जिथे आता फोन नसे. बुधवारी तो वाजला. हिरामण धावत घेऊन आला.

"सिस्टर, एका पोराले लस देऊन ताप चढला आहे, आजी लय घाबरली," पूजा म्हणाली. "काय करू?"

मालतीने तोंड उघडलं. काय करायचं ते सगळं तिच्या जिभेवर तयार होतं.

"तुले काय वाटते?" तिने विचारलं.

पूजाने सांगितलं. बरोबर सांगितलं. मालती हाव म्हणाली, फोन हिरामणच्या हातात दिला, आणि पाटी उचलून, उजेड अजून होता तोवर, बटण दाबलं.