जुरीच्या ओळीची जागा

फोक रॉक ऐकाले कुठून सुरू करू, असं कोणी इचारलं का माहं डोस्कंच फिरते. इंटरनेटवर 'नवीन ऐकणाऱ्यांसाठी दहा अल्बम' अशा याद्या ढिगानं पडल्या हायेत. याद्या करते कोण, तर ज्यायनं जन्मात ढोल खांद्याले लावला नाई ते. उंटावरून शेळ्या हाकते लेकाचे.

मी हर्षा. चंद्रपुरात तुकूमले माहं साउंडचं दुकान हाये. माइक, स्पीकर भाड्यानं देते अन् मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करते. माहा बाप गोंडपिपरीचा, भीमगीतं गाणारा. ढोलकी मी पाळण्यात ऐकली अन् गिटार कॉलेजात घेतली. म्हणून या विषयावर दोन गोष्टी सांगाचा मले हक्क हाये असं मी समजते.

मार्चात, भर दुपारी, एक पोट्टी दुकानात आली. पंचवीस-सव्वीसची असंल. पाठीवर बॅग, डोळे सुजलेले. म्हणे, "मॅडम, मी रीना. चामोर्शीले नर्स हावो. ते लोकगीत अन् गिटार मिळून असते न, ते ऐकाचं हाये. मले त्यातलं काईच समजत नाई. कुठून सुरू करू?"

मी सवयीनं सुरू झाली. म्हणलं, पहिले 'कोळसा नंबर तीन' या बँडचा 'उनाळी' ऐक. त्यात डफ पुढं हाये अन् गिटार मागं, नवीन कानाले बरं पडते. मंग 'तीन नाले' ऐक, सगळा बासरीचा, शब्दच नाई. कान तयार झाला का 'लोखंडी ढोल'चा पहिला अल्बम. दुसरा चुकूनही नोको, त्यात त्यायनं ढोल कॉम्प्युटरचा वापरला, शरम नाई लेकायले. मी तिच्या कानाले हेडफोन लावला. तिनं दहा सेकंद एक ऐकलं अन् म्हणे, हे नाई. दहा सेकंद दुसरं. हे पण नाई.

मले राग आला. "तुले ऐकाचं हाये का शोधाचं हाये वो?"

"शोधाचं हाये," ती म्हणे. "माही काको एका अल्बमात गायली हाये म्हणते. आमच्यात आईच्या आईले काको म्हणते. तिचं नाव सोमारी."

मी हेडफोन तिच्या हातातून घेतला अन् वायर गुंडाळत बसली.

तो अल्बम आमचाच होता. मी, विक्की अन् अंकुश, आमचा बँड. २०१३ ले आमी सोमारीबाईले तिच्या गावच्या शाळेत बसवून रेकॉर्ड केलं. हेमलकशाच्या दहा किलोमीटर अलीकडे, डाव्या हातानं फुटणाऱ्या वाटेवरचं गाव. सोमारीबाई रेला गाये, गोंडी लोकायचं नाचातलं गाणं. रेल्यात एक बाई ओळ म्हणते अन् दुसरी तीच ओळ परत म्हणते. पण सोमारीबाई एकटीच होती. ती एक ओळ म्हणे, थांबे, मंग पुढची म्हणे. विक्की ड्रमवाला, तो माह्या कानात म्हणे, "आजीले दमा हाये वाटते."

चंद्रपूरले येऊन आमी गिटार, ड्रम चढवले, पण ती थांबलेली जागा काई भरेना. ठेका तिथी आला का खड्ड्यात पडल्यावानी होये. अंकुशनं गिटार वाजवून पाह्यली, पोकळ वाटे. शेवटी मीच माइकसमोर उभी राह्यली. शब्दाचा अर्थ समजत नव्हता, नुसता कानानं उचलला अन् तिच्या प्रत्येक ओळीमागं तीच ओळ खालच्या आवाजात म्हणली. दोन घंट्यात गाणं उभं राह्यलं. आईशपथ सांगते, त्याच्यासारखं आमी आधी काई केलं नाई अन् नंतरही नाई.

सीडी द्याले आमी गावात गेलो. सोमारीबाईनं पहिली ओळ ऐकली. मंग माही ओळ आली अन् ती ताडकन उभी झाली. खोलीत चारीकडं पाह्यलं, दाराबाहेर जाऊन पाह्यलं. परत येऊन इचारलं, हे कोण? कोतवाल पत्रू आमचं बोलणं इकडून तिकडं करून देत होता. मी मोठ्या तोऱ्यात छातीवर हात ठेवला. "मी." तिनं माह्या तोंडाकडं किती वेळ पाह्यलं. मंग जेवाले बसल्यावर आपल्या पानातला अर्धा भात माह्या पानात सरकवला अन् काईतरी बोलली. पत्रू हसून म्हणे, जेवून घे म्हणते. मी जेवली.

महिन्यानं विक्कीले तिथच्या मास्तरानं खरं सांगतलं. सोमारी अन् जुरी, अशी जोडी होती. पोट्ट्या होत्या तवापासून दोघीच संगं गाये. जुरी आदल्या वर्सी मेली. त्या गावात जोडीतली एक मेली का दुसरी गाते, पण मेलेलीच्या ओळीची जागा मोकळी ठेवते. तिथी कोणी तोंड घालत नाई. नवरा नाई, पोरगी नाई, कोणीच नाई.

मेलेल्या बाईच्या जागेवर मी बसली होती, अन् वरून छातीवर हात ठेवून सांगतलं, मी म्हणून! तीनशे सीड्या होत्या, विकल्या नव्हत्या तेवढ्या मी जमा करून फोडल्या. कॉम्प्युटरातलं सारं पुसलं. अंकुश म्हणे, येडी झाली काय? त्यावरून भांडण झालं अन् बँडही फुटला. त्या गावाकडं मी परत तोंड केलं नाई. कोणत्या तोंडानं करणार होती?

आमच्या घरी भूतखेत कोणी मानत नाई. बाबानं ते शिकवलंच नाई. पण बारा वर्सं झाली, मी रिकामं ऐकू शकत नाई. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हाच्या मधात जे दोन सेकंद असते न, तिथी मले सोमारीबाईची ओळ ऐकू येते. ओळ संपते अन् थांबते. मले वाटते आता जुरी म्हणणार. कार्यक्रमात मी माइक तपासते, "हॅलो, चेक," म्हणते अन् थांबून राहते. पोट्टे म्हणते, ताई, पुढं बोला न. मी कोणाले सांगत नाई. लोकायले फोक रॉकचे अल्बम सांगते, पण आमचा सांगत नाई.

हे सारं मी रीनाले सांगतलं. लपवून काय होणार होतं? पोट्टीनं सारं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "म्हणजे ते तुमीच."

"शिव्या द्याच्या असंल तर दे."

"काकोनं खाणं सोडलं हाये," ती म्हणे. "आठ दिवस झाले. पाणी पेते थोडंसं. सकाळ झाली का एक ओळ म्हणते अन् थांबते. आमाले वाटलं जुरीले बोलावून राह्यली. मी म्हणलं, काको, जुरी गेली. तर माह्यावरच तणकली. म्हणे, जुरी गेली ते मले माहीत हाये, जिवंतवाली कुठी हाये? आमच्याकडं अर्धं गाणं घेऊन कोणी जात नाई, मॅडम. तिचा जीव त्यातच अडकून पडला हाये. तुमी याल का?"

खरं सांगते, मले जाचं नव्हतं. म्हातारी मरता मरता मले बोलावते, म्हणजे मेलेलीची जागा परत मागणार, हेच डोक्यात. रातभर कूलरच्या आवाजात पडून राह्यली. सकाळी सहा वाजता रीनाले संगं घेऊन गाडी काढली.

गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. पुढं जंगलात मोहाखाली बाया फुलं वेचून राह्यल्या होत्या. मी गाडीत गाणं लावलं नाई. रीनाले म्हणलं, "मले ते शब्द शिकव." ती म्हणे, "मले कुठी येते? ते दोघीचंच होतं. ती म्हणंल तेच तुमी परत म्हणा." एवढं सोपं होतं, तरी मी गाडी हळूच चालवली.

बारा वाजले असंल आमी पोचलो तवा. अंगणात आठ-दहा बाया बसल्या होत्या. सोमारीबाई आत बाजीवर होती. एवढीशी झाली होती, कांबळ्याखाली माणूस हाये का नाई समजू नये अशी. मी हात जोडून "जोहार" म्हणलं. तिनं डोळे उघडले, माह्या तोंडाकडं पाह्यलं. अन् ओळ म्हणली.

तीच ओळ. बारा वर्सं माह्या कानात बसलेली.

ओळ संपली. ती थांबली. मी तोंड उघडलं अन् आवाजच निघंना. त्या शांततेत मले कोणीतरी बाजूले उभं असल्यावानी वाटत होतं, पाहाची हिंमत होईना. रीनानं माह्या पाठीवर हात ठेवला. मंग निघाला आवाज, फाटका, बेसूर, पण निघाला. मी तिची ओळ परत म्हणली.

सोमारीबाईनं डोळे मिटले अन् पुढची ओळ म्हणली. मी म्हणली. पुढची, मी म्हणली. सात की आठ ओळी झाल्या. मंग ती गोंडीत बोलाले लागली, हळू हळू, अन् रीना सांगाले लागली.

"म्हणते, जुरीची जागा सांभाळून सांभाळून मी थकली होती. जुरी पण थकली होती, तिले जाता येत नव्हतं. तू तोंड उघडलं अन् ती सुटली. म्हणते, मी तुले माह्या पानातला भात देला. तू खाल्ला. जोडी झाली. तवा पत्रूनं तुले सांगतलं नाई का?"

"नाई," मी म्हणली. "जेवून घे एवढंच सांगतलं."

सोमारीबाईनं रीनाकडं पाह्यलंच नाई. ती माह्याशीच बोलत होती.

"म्हणते, मले राग कशाचा येईन? दरवर्सी मोह फुलला का मी ओळ म्हणो अन् थांबो. बाया म्हणे, जुरीसाठी थांबली. मी म्हणो, नाई, चंद्रपूरवालीसाठी. जुरी तर मेली होती म्हणून आली नाई. तू तर जिवंत होती. तू काऊन नाई आली?"

काय सांगू? भेव वाटलं म्हणून नाई आली? तिच्या पानातलं खाऊन, तिचा आवाज पुसून, मी बारा वर्सं एका जित्या बाईले मेलेल्यावानी वागवलं. मी बाजीच्या बाजूले खाली बसली अन् लहान पोरावानी रडली. तिनं हात लांबवून माह्या डोक्यावर ठेवला. हातात वजनच नव्हतं.

मंग रीना म्हणे, "आता तुमी ओळ म्हणा म्हणते. आतापरयंत ती पुढं होती. आता तुमी पुढं."

"मले गोंडी कुठी येते?"

रीनानं इचारलं. "म्हणते, मले तरी मराठी कुठी येते?"

अंगणातल्या बाया हसल्या. मी नाक पुसलं. तिच्याच चालीत, जे सुचलं ते म्हणली.

"उशीर झाला मले बाई, वाट लांबची होती."

तिनं परत म्हणली. शब्द मोडत, पण सगळे, एकही न सोडता. बारा वर्साआधी मी तिचे उचलले होते तसेच, नुसते कानानं.

"बारा वर्साची वाट बाई, पायात काटा नव्हता."

हेही तिनं म्हणलं. शेवटचा शब्द ओठातच राह्यला, पण ओठ हालले, मी पाह्यले.

"जराक सरक न बाई, मले बसाले जागा दे."

मी थांबली.

रीनाचा हात तिच्या मनगटावर गेला. नर्स पोट्टी, तिले लगेच समजलं. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् मान हालवली, तोंडावर पदर घेतला. मले बी समजलं. पण मी उठली नाई. एक ओळ म्हणाले जेवढा वेळ लागते, तेवढी मी थांबली. अंगणात आठ-दहा बाया बसल्या होत्या, सगळ्यायले चाल येत होती. एकीनंही तोंड उघडलं नाई.

मंग मी पुढची ओळ म्हणली.