तपासणीच्या तासाची खुर्ची

मित्रांनो, शाळेत साहेब येणार म्हटलं की जिच्यावरची धूळ पुसायला सगळ्यांची धांदल उडते, ती जुनी लाकडी खुर्ची मी. कासू स्टेशनापासून पाऊण तास चाललं की आमची शाळा लागते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे परसबाग.

माझा जन्म पेणचा. गणपतीच्या मूर्तींसाठी पाट करणाऱ्या पोपट मेस्त्रींनी उरलेल्या सागवानातून मला घडवलं. माझ्या भावंडांवर गणपती बसले आणि माझ्या नशिबी तपासणीला येणारे साहेब. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. पण सरबराई माझीही कमी नव्हती. साहेब यायच्या दिवशी धुतलेला टॉवेल अंथरून मला फळ्याशेजारी मुलांकडे तोंड करून ठेवत. समोर सोललेलं शहाळं. मग मी अशी ऐटीत असायचे, की माझा एक पाय आखूड आहे आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे, याचाही मला विसर पडायचा.

बसण्यावरून मला माणूस कळतो. एक साहेब पाठ चालू असताना सारखे घड्याळ बघायचे. दुसरे तर पाढे सुरू झाले की पेंगायचे आणि मुलं गप्प झाली की दचकून ‘छान, छान’ म्हणायचे. त्यांच्या शेऱ्यात मात्र ‘मुलांची तयारी उत्तम’ असं झोकदार अक्षरात लिहिलेलं असायचं.

रोहिणीबाई आमच्याच शाळेच्या. सोळा वर्षं शिकवलं त्यांनी. त्यांना पर्यवेक्षक व्हायचं होतं. त्यासाठी पदवी आणि बी.एड.नंतर शालेय व्यवस्थापनाची पदविका घ्यायला त्या दर रविवारी पेणच्या अभ्यासकेंद्रात जायच्या. त्यांचे यजमान हिरामण डोलवीला कंपनीत कामाला. ते शिफ्ट बदलून घेऊन रविवारी घर सांभाळायचे. मधल्या सुट्टीत बाई माझ्यावर बसून स्वाध्याय लिहायच्या. वेळापत्रक कसं आखावं, पाठाचं निरीक्षण कसं करावं, नंतर शिक्षकाशी कसं बोलावं. इतकं मन लावून लिहिणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

शाळा सुटली की त्या मला समोर ठेवायच्या आणि मीच तो शिक्षक आहे असं समजून माझ्याशी बोलायचा सराव करायच्या. “तुमचं फळ्यावरचं अक्षर तिरकं आहे. तुम्ही मुलांकडे पाठ करता.” मी निमूट ऐकून घ्यायचे. काय करणार, मला पाठच आहे नुसती.

पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत असंच झालं. दुसऱ्या एका शाळेत त्यांनी पाठ पाहिला आणि तिथल्या शिक्षिकेला तेरा चुका ओळीने वाचून दाखवल्या. ती बिचारी रडायलाच लागली. परीक्षकांनी रोहिणीबाईंच्या कागदावर ‘पुन्हा’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी तो कागद पुढ्यात घेऊन त्या माझ्यावर बसल्या, स्वाध्यायाची वही उघडलीच नाही. खिचडी शिजवणाऱ्या कृष्णाबाईंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, “गो बाय, तू खोटा काय बोलली नाय. पन तेरा एकदम कोनाला गिळतील गो?”

बाई हसल्या, पण डोळे पुसतच. आता एकच संधी उरली होती. नोंदणीची मुदत संपत आली होती. या खेपेला नापास झाल्या, तर तीन वर्षांचे रविवार पाण्यात जाणार होते.

ही दुसरी परीक्षा आमच्याच शाळेत ठरली. पाठ घेणार होते बाईंचे सहकारी सुशील गुरुजी, तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गावर. परीक्षक म्हणून पेणहून एलियास सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, कोकणातल्या मोजक्या उरलेल्या ज्यू घरांपैकी एका घरातले. वार शुक्रवार होता. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा विसाव्याचा पवित्र वार, शब्बाथ, सुरू होतो; त्याच्या आत घरी पोचायचं हा त्यांचा नेम, म्हणून दुपारच्या गाडीनं परतायचं ठरवूनच ते आले होते. परीक्षेचा नियम असा, की पाठ संपेपर्यंत निरीक्षकानं, म्हणजे बाईंनी, जागचं उठायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही.

गुरुजींनी मला सवयीनं फळ्याशेजारी मांडलं. बाईंनी मला उचललं आणि सरळ मागच्या खिडकीपाशी नेलं. मला अपमान वाटला, खोटं कशाला सांगू? माझी जागा पुढची. पण बाई ताठ बसल्या, वही उघडली आणि पाठ सुरू झाला.

पाठ अपूर्णांकांचा. काय सुंदर चालला होता. प्रश्न पुरता व्हायच्या आत हात वर, उत्तर बरोबर. एलियास सर मान डोलवत होते. मीही फुशारले. एवढ्यात मला जाणवलं, की बाईंचं पेन थांबलं आहे. त्यांनी दाराजवळच्या फळ्यावरची आजची हजेरी पाहिली. तेवीस. मग बाकांवरची डोकी मोजली. एकोणीस. आणि मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. परसबागेत गणितात अडखळणारी मालू आणि तिच्यासारखीच आणखी तीन मुलं वालाच्या वाफ्याला पाणी घालत होती. वाफा कधीच भरला होता, चिखल झाला होता, तरी ती घालतच होती.

घंटा होईपर्यंत बाई हलल्या नाहीत. त्यांचे हात माझ्या हातांवर घट्ट आवळलेले होते. सुशील गुरुजींनी हे सगळं त्यांच्यासाठीच केलं होतं, हे त्यांना कळत होतं. ‘पाठ उत्तम’ एवढं लिहिलं असतं, तर प्रमाणपत्र हातात होतं. आणि मला तर वाटत होतं, लिहा बाई, लिहून मोकळ्या व्हा.

मुलं खेळायला गेली. बाईंनी एलियास सरांसमोरच गुरुजींना जवळ बसवलं.

“गुरुजी, तुमचं समजावणं फार छान आहे. एकच विचारते. हजेरी तेवीस, वर्गात एकोणीस. चौघं बागेत का?”

गुरुजींची मान खाली गेली. “ताई, तुमचं काम व्हायला पायजे म्हणून धाडली. मालू अडकली असती तर तुम्हाला पुन्हा चुका सांगाव्या लागल्या असत्या, आणि तुमचा निकाल गेला असता.”

“मला हे कागदावर लिहावं लागेल.”

“लिहा. पन तुमचाच कागद खराब व्हईल.”

“होऊ दे. माझ्यासाठी करायचंच असेल तर आता मालूला शिकवा. तुम्ही शिकवता कसं, ते मला बघायचंय.” मग त्या सरांकडे वळल्या. “सर, वेळ संपलीय, तुमची गाडीही आहे. निकाल काय द्यायचा तो द्या. मी मात्र बसणार.”

एलियास सरांनी घड्याळ पाहिलं आणि उचललेली पिशवी खाली ठेवली. “दिवस मावळायला अवकाश हाय. चालू द्या.”

मालू दारात येऊन उभी राहिली. पाय चिखलानं भरलेले, म्हणून बाकावर बसेना. रोहिणीबाई उठल्या, तिला माझ्यावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. मित्रांनो, माझ्यावर पहिल्यांदाच कोणी पोर बसलं. तिचे पाय खाली टेकत नव्हते. ओल्या टाचा माझ्या लाकडाला लागत होत्या. ती किती घाबरली आहे, ते मला कळत होतं.

गुरुजींनी तक्ता दाखवला. मालू आपल्या चिखलाच्या पायांकडेच बघत राहिली. पुन्हा सांगितलं, तरी तेच.  मग गुरुजी एकदम उठून बागेत गेले आणि वालाची एक शेंग घेऊन आले. मालूनं ती झटकन सोलली, घरचंच काम ते. चार दाणे निघाले.

“यातला एक मला दे. किती दिला?”

मालू दाण्याकडे बघत राहिली. “पाव,” ती हळूच म्हणाली. मग तिनं आणखी एक दाणा सरकवला. “आता अर्दा झाला. व्हय ना गुरुजी?”

गुरुजींचे डोळे भरून आले. तेरा चुका वाचून दाखवणाऱ्या बाई या वेळी एवढंच म्हणाल्या, “आजचा पाठ हा होता, गुरुजी.”

एलियास सरांनी शेरा लिहून मोठ्यानं वाचला. “निरीक्षकाने पाठ पाहिला, आणि मुलेही मोजली. उत्तीर्ण.” गाडी तर चुकली होती. सुशील गुरुजींनी त्यांना मोटारसायकलवरून पेणला पोचवलं, ऊन असतानाच.

आता रोहिणीबाई रोह्याच्या एका शाळेत पर्यवेक्षक आहेत. मी मात्र अजून इथेच आहे. माझ्या बैठकीचा वेत सैल झालाय, पाय करकरतात. कुणी दोन खिळे मारले, तर आणखी काही वर्षं कामाला येईन. एवढं कराच. पण मित्रांनो, तुमच्याकडे कोणी मोठा पाहुणा आला आणि त्याच्यासाठी माझ्यावरची धूळ पुसायची घाई झाली, तर आधी खिडकीतून बाहेर बघा. बाहेर कोणी मूल असेल, तर त्याला आत आणून बसवा. पाहुण्याला उभं राहू दे थोडा वेळ. मला चालेल.