खिडकीतली पांढरी चिंधी

पुरातल्या कामाबद्दल वस्तीने ठेवलेला आभाराचा कार्यक्रम चार वाजता होता आणि साडेतीनला सिस्टर आरोग्य केंद्रातलं औषधांचं कपाट पुसत होती. ते सकाळीच एकदा पुसून झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्या स्वतः आल्या, तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि काय बिनसलंय ते विचारलं. सिस्टर म्हणाली, डोकं दुखतंय. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, पाण्याचा पेला पुढे केला आणि चल म्हणाल्या. डॉक्टरला डोकेदुखीचं कारण सांगून आजवर कोण सुटलंय?

खरं कारण होतं शिंपीकाकांच्या पायाची दोन बोटं. आणि तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला एक अर्ज होता: यापुढे घरोघरी फिरण्याचं काम नको, केंद्रातलं टेबल द्यावं. कार्यक्रम आटोपला की तो ती डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवणार होती.

दोन महिन्यांपूर्वी नदी वस्तीत शिरली आणि नऊ दिवस न बोलावलेल्या पाहुण्यासारखी मुक्काम ठोकून बसली. केंद्रात माणसं तीन, होडी एक, आणि घरी जाऊन ज्यांच्या जखमा बांधायच्या, सुया टोचायच्या असे पेशंट चौसष्ट. वरचे साहेब फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होते. दुसऱ्या दिवशी फोनही बंद पडला, तेव्हा जरा काम सुचलं. रोज चौसष्ट जिने चढणं होणार नाही, हे सिस्टरने आधीच ओळखलं होतं. पाणी चढायच्या आदल्या दिवशीच ती शिंपीकाकांच्या दुकानात गेली आणि काकांनी उभ्या उभ्या कात्री चालवून चौसष्ट लाल नि चौसष्ट पांढऱ्या चिंध्या कापून दिल्या. ज्यांना रोज इन्सुलिन टोचायचं, त्यांच्याकडे ती जायचीच. बाकीच्यांनी सकाळी खिडकीत चिंधी लावायची. लाल म्हणजे या. पांढरी म्हणजे आमचं ठीक आहे, पुढे जा.

काका दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहायचे. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले, आणि शिलाई मशीनचं पायडल मारून मारून उजव्या तळव्याला जखम झालेली. दिवसाआड सिस्टर पट्टी बदलायला यायची. तिची गाठ बघून काका म्हणायचे, असं काम मी केलं असतं तर गिऱ्हाइकाने कापड परत मागितलं असतं. ती म्हणायची, तुमचं गिऱ्हाईक पाय हलवत नाही.

पुराच्या चौथ्या दिवशी तिची होडी काकांच्या खिडकीखालून गेली. खिडकीत पांढरी चिंधी होती. पहाटेपासून पाण्यात भिजलेल्या सिस्टरच्या मनात आलं, बरं झालं, एक जिना वाचला. तेवढंच. पण पाणी ओसरल्यावर ती जिना चढली तेव्हा निम्म्या पायऱ्यांवरच तिला वास आला. मोठ्या इस्पितळात काकांची दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून त्यांच्या पट्टीला ती दुसऱ्या सिस्टरला पाठवत होती. जिवाचं रान केलं हो तुम्ही, असं कुणी म्हणालं की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. हिला तो वास आठवायचा.

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होता. भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीवर पुराची मातकट रेघ अजून तशीच होती. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मग काठी टेकत शिंपीकाका पुढे आले. सिस्टरची जुनी पिशवी पुरात कुजून गेली होती, म्हणून वस्तीच्या वतीने त्यांनी ताडपत्रीची नवी शिवली होती. सिस्टरने मान खाली घातली.

"पायडल मारायला दोन बोटं कमी पडली," काका म्हणाले, "म्हणून एक शिवण वाकडी आहे. सांभाळून घे."

लोक हसले. काका हसले नाहीत.

"पण ती बोटं पुराने नेली नाहीत. दुकानातले तागे वर आणताना दुसऱ्याच दिवशी माझी पट्टी भिजली. जखम चिघळणार, हे मला माहीत होतं. पण खिडकीतून ही दिसायची, होडी शिरत नाही तिथे छातीएवढ्या पाण्यात, इन्सुलिनचा थर्मास डोक्यावर धरून. म्हटलं, माझ्यापायी हिला आणखी एक जिना नको. मग रोज पांढरी लावली. चिंध्या मीच कापल्या आणि खोटंही मीच बोललो. हे तिला कळलं, म्हणूनच ती येत नाही."

खरं तर सिस्टरच्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. पण तिला आला राग, अगदी तळपायाची आग मस्तकात जावी तसा.

"मला काहीच कळलं नव्हतं, काका," ती उभी राहून म्हणाली. "मी त्या चिंधीवर विश्वास ठेवला. एक जिना वाचला म्हणून खूश झाले. दोन महिने त्या एका जिन्यापायी मला झोप नाही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यावर दया करायला?"

आता टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच समजेना. काकांनी पिशवी पुढे धरली. तिने ती घेतली आणि जागेवर जाऊन बसली. अर्ज पर्समध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कापूस, पट्ट्या, कात्री नव्या पिशवीत भरली आणि यादी हातात घेतली. काकांचं नाव दुसऱ्या सिस्टरकडे होतं. ते तिने खोडून आपल्या बाजूला लिहिलं. गल्लीच्या तोंडाशी तिने सवयीने वर पाहिलं.

खिडकीत लाल चिंधी होती.

ती धावत जिना चढली. वास नव्हता. काका मशीनशेजारी, उजवा पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"काय झालं?"

"करंगळीला खाज सुटलीय," काका ओशाळून म्हणाले. "करंगळी तर आता नाहीच. काही नसेलही. पण विचारावं म्हटलं."

ती खाली बसली. पट्टी सोडून बराच वेळ पाय निरखत राहिली. जखम कोरडी होती, भरत आली होती. कापलेल्या बोटाला कधी कधी अशी खाज सुटते, घाबरायचं कारण नाही, असं तिने सांगितलं आणि नवी पट्टी बांधली. गाठ पुन्हा ओबडधोबडच झाली. काका त्यावर काही बोलले नाहीत, म्हणजे अजून घाबरलेलेच असावेत.

जुनी पट्टी गुंडाळून टाकायला कागद हवा होता. तिने पर्समधला अर्ज काढला, त्यात ती नीट गुंडाळली आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

"मग ती लाल काढू का आता?" काकांनी विचारलं.

"राहू द्या," सिस्टर म्हणाली. "परवा मीच येणार आहे."