पेवाची वाफ

पेव फोडून धान्य चोरणारा महारुद्र निजामाच्या तुरुंगातून सुटून आला आणि इरम्मानं त्याला कामावर ठेवलं, तेव्हाच तिच्या नवऱ्याचं, बेंबळीच्या चन्नबसप्पाचं, टाळकं सटकलं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं म्हणून सरळ होतं व्हय! घरादाराच्या किल्ल्या त्यानं कमरेला बांधल्या, त्या अंघोळीलासुद्धा सोडल्या नाहीत.

त्या सकाळी ज्वारीचं पेव उघडायचं होतं. तोंडावरची शिळा सरकवताच महारुद्र म्हणाला, "आप्पा, दुपारपतूर उघडं राहू द्या. आत वाफ कोंडलीया, माणूस गुदमरतंय."

दुपारपर्यंत! म्हणजे साथीदारांना सांगावा धाडायला सवड. चन्नबसप्पाच्या मनात पाल चुकचुकली. "लई शहाणा हायस. म्याच उतरतो."

"मग कमरंला दोर तरी बांधा. म्या वर धरतो."

आपला जीव ह्या चोराच्या हातात द्यायचा? चन्नबसप्पानं दोर भिरकावला आणि खोबणींत पाय रोवत तो खाली उतरला. ज्वारीवर पाय टेकतो न टेकतो तोच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो कोसळला.

इरम्मानं हंबरडा फोडला. महारुद्रनं छातीत दम भरला, सरसर खाली जाऊन मालकाला दोर बांधला आणि वर येऊन दोघांनी त्याला ओढून काढलं.

तोंडावर पाणी मारल्यावर चन्नबसप्पाला शुद्ध आली. बायको हाका मारत होती. त्याचा हात आधी कमरेवर गेला. किल्ल्या जागच्या जागी होत्या.

मान वळवली, तर धापा टाकणारा महारुद्र त्याच्याकडंच बघत होता.

"हायती सगळ्या, आप्पा," तो म्हणाला आणि दोर गुंडाळू लागला.